खुलासा : भरपाईच्या चौकशीत साक्षीदाराला बोलावता येते

कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे : कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी आयुक्तांपुढे होणारी चौकशी नुसती कागदोपत्री असते, मालकाच्या माणसांना किंवा डॉक्टरांना बोलवायचे तर दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावावा लागतो. हे साफ चुकीचे आहे. यावर विसंबून कृपया कुणी हक्क सोडू नका.

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 चे कलम 23 पाहा. शपथेवर साक्ष घेणे, साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडणे, कागदपत्रे व वस्तू हजर करायला लावणे, यासाठी त्या कायद्याने आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचेच अधिकार दिले होते. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू आहे; तिच्यातही सक्षम प्राधिकाऱ्याला (आयुक्तांच्या जागी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला) हेच अधिकार आहेत.

समजा, पॉवर प्रेसमध्ये बोटे गेली आणि मालक म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नाही.’ मग हजेरीपट, पगारपत्रक, अपघाताची नोंदवही मागवता येते. त्या पाळीच्या सुपरवायझरला समन्स काढता येते आणि त्याची उलटतपासणीही होते. मात्र आपोआप कुणी बोलावत नाही. अर्ज आपणच करायचा, साक्षीदाराचा प्रवासखर्चही भरायचा. समन्स मिळूनही तो सबळ कारणाशिवाय आला नाही, तर वॉरंट निघू शकते.

डॉक्टरांची साक्ष तर टाळूच नका. इतर साक्षींचा सारांश चालतो, पण वैद्यकीय साक्ष शक्यतो शब्दशः उतरवून घ्यावी, असे 1923 च्या जुन्या कायद्याचे कलम 25 सांगत असे. कायमच्या अंशतः अपंगत्वात कमाईची क्षमता किती टक्के घटली, यावर भरपाईची रक्कम ठरते.