शुद्ध केलेलं सांडपाणी म्हणजे विष नव्हे

‘सांडपाणी कितीही शुद्ध करा, ते विषच. त्यावरचं पीक खाल्लं की रोग, जमीन क्षारपड, ठिबक तुंबलेलं.’ असा संदेश फिरतोय. जत-आटपाडी-माणसारख्या टंचाईच्या भागात तो खरा मानला तर हातचं पाणी ओढ्यात जातं.

रोग होतो तो कच्च्या मैलापाण्याने. ओढ्यात मोटर टाकून उचललेलं पाणी वेगळं, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गाळून क्लोरीन दिलेलं वेगळं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली मर्यादा घातली: 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू 1000पर्यंत, लिटरमागे जंताचं फार तर एक अंडं. ही अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत. ती गाळण्यात किंवा तळ्यात खाली बसूनच जातात. म्हणून नुसत्या क्लोरीनच्या वासावर विसंबू नका. कोथिंबीर-मेथीला हे पाणी टाळा. ऊस, मका, डाळिंबाला ठिबकने द्या. कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर मात्र घेऊच नका, जड धातू तिथूनच येतात.

क्षारांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण वाळवा-मिरज पट्ट्यातली जमीन क्षारपड झाली ती कृष्णेच्या गोड्या पाण्याने: काळी माती, उसाला पाटाने भरमसाट पाणी, निचरा नाही. तेव्हा पाणी तपासा. ईसी (पाण्यातल्या क्षारांचं मोजमाप) मीटरला 0.7 डेसीसायमनच्या आत असेल तर निर्धास्त, 3 पर्यंत बेताने, त्यावर नको. द्राक्ष तर त्याआधीच पानांच्या कडा करपवतं. सोबत एसएआरही (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते प्रमाण) बघा; सोडियम वाढला की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते.

ठिबक तुंबतं, हेही खरं. लॅटरलच्या (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळीच्या) आत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) बंद पडतात. आधी सॅण्ड फिल्टर, मग डिस्क फिल्टर लावा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचा फरक दिसला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. आठवड्याला लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. क्लोरीन द्याल तेव्हा शेवटच्या ड्रिपरला लिटरमागे 1 ते 2 मिलिग्रॅम उरायला हवं. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र ओतू नका, विषारी वायू सुटतो.

खरी काळजी घ्यायची ती गोष्ट या संदेशात नाहीच: नत्र. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असेल तर 10 लाख लिटर पाण्यातून 20 किलो नत्र, म्हणजे जवळपास युरियाचं एक पोतं शेतात पडतं. उसाला ते फायद्याचं, खताच्या हिशेबातून तेवढं वजा करा. द्राक्षाला उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर घडनिर्मितीच्या काळात जास्त नत्र मिळालं की वेल नुसता फोफावतो आणि पुढच्या हंगामात घड कमी लागतात. त्या दिवसांत बागेला बोअरचं पाणी द्या, हे पाणी उसाकडे वळवा.