'गल्लीतला डॉक्टर काय कामाचा' म्हणणाऱ्यांनी जरा आमच्या आत्तीचे पाय बघा

आठवडाभर भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'फॅमिली डॉक्टरचा जमाना संपला. झोपडपट्टीत बसणारे नुसती सलाईन लावून लुटतात, दुसरीकडं जमलं नाही तेच वस्तीत बसतात. बीपी-शुगरला सरळ स्पेशालिस्ट गाठा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सगळं फुकट असताना असल्या डॉक्टरांना मदत कशाला?' खाली हात जोडलेले. मी सोडून दिलं असतं, पण हे कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या आमच्या आत्तीपर्यंत पोचलं. तिला वाचता येत नाही, नातवानं वाचून दाखवलं.

"मोबाईलवर आलंय की रं, त्येच्याकडं जायचं न्हाई आता," म्हणाली आणि एक दिवसाची धुणीभांडी बुडवून गेली मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनी बीपीची गोळी दिली, गोळीत चूक कायच नाही. फक्त आधीची गोळी पण तीच होती, दुसऱ्या कंपनीची. दोन्हीत औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. हिनं जुनी दाखवली नाही, तिथं बाहेर एवढी गर्दी की कुणी विचारलं नाही, मग काय, दोन्ही चालू. दहा दिवसात पाय सुजले आणि मोरीत चक्कर येऊन खाली बसली.

गल्लीतला डॉक्टर तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर मार्करनं सूर्य काढून देतो, रात्रीची गोळी असली की चंद्र. ही असली 'ट्रीटमेंट' कुठल्या स्पेशालिस्टच्या फाईलीत सापडणार? २०१९ च्या महापुरात फायली, गोळ्या सगळं पाण्यात गेलं, तेव्हा हाच गडी लोकांना हलवलं होतं तिथं आला आणि कुणाला कुठली गोळी चालू आहे ते तोंडपाठ सांगत सुटला.

हे नुसतं प्रेमापोटी बोलतोय असं वाटत असेल तर नॉर्वेतला अभ्यास बघा, जवळजवळ ४५ लाख लोकांचा, २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये छापून आलाय. ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ तोच आहे, त्यांच्यात अचानक अ‍ॅडमिट व्हायची शक्यता साधारण २८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी कमी, डॉक्टर बदलून वर्षच झालेल्यांच्या तुलनेत. आता नॉर्वे कुठं आणि सुतारवाडा कुठं, मान्य. तिकडं डॉक्टर नावावर लावून मिळतो, इथं आत्तीला तो आपला आपण टिकवावा लागतो, आणि तुम्ही तोच तोडायला निघालाय.

सलाईनचं म्हणाल तर, हो, अर्धं खरंय. अशक्तपणाला बाटली लावणारे आहेत, मलाही माहितीयत. पण पेशंटच "बाटली लावा" म्हणून हटून बसतो, आणि त्याला नको म्हणून पंधरा मिनिटं समजावणाऱ्याला फी तेवढीच, वर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो ते वेगळंच.

'दुसरीकडं जमलं नाही तेच वस्तीत बसतात' हे जरा रात्री दहाला एमआयडीसीतनं सुटून त्याच्या दारात थांबलेल्या लोकांसमोर बोलून दाखवा.

आणि फुले योजना. ती अ‍ॅडमिट झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना. रोजची ओपीडी, महिन्याची बीपीची गोळी त्यात बसत नाही. म्हणजे लकवा मारला की योजना, तो मारू नये म्हणून बघणाऱ्याला मात्र शिव्या. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्टनी १९७१ लाच लॅन्सेटमध्ये लिहून ठेवलंय की जिथं गरज जास्त तिथंच चांगली सेवा कमी. ग्लासगोत गरीब वस्तीतल्या डॉक्टरांच्या जोडीला लिंक वर्कर दिलेत, पेशंटचं घरभाडं, कर्ज, एकटेपणा असल्या भानगडी बघायला. आपल्याकडं एवढं नको, मोठ्या दवाखान्यात गेलेल्या पेशंटला तिथं काय गोळ्या दिल्या याची चार ओळींची चिठ्ठी जरी गल्लीतल्या डॉक्टरकडं परत आली तरी आत्तीचे पाय सुजले नसते.

परवा तिला घेऊन त्याच्याकडंच गेलो. त्यानं एक पाकीट काढून घेतलं, दुसऱ्यावर सूर्य काढला. फी विचारली तर वही उघडून म्हणाला, मागचेच तीस राहिलेत.