गोथेनबर्ग स्किप करू नका, प्लीज

मे-जून जवळ आला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, स्कँडिनेव्हियाला येतोय, कोपनहेगन ऑस्लो स्टॉकहोम ठरलंय, तुमच्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बघण्यासारखं काही आहे का? सहा वर्षं झाली मला इथे राहून आणि हा प्रश्न आता मनाला लागतो. अहो, कोपनहेगनहून ट्रेनने ऑस्लोला जाताना हेच स्टेशन लागतं, दोन दिवस उतरा की!

राजवाडे बघायचे असतील तर स्टॉकहोमला जा, तिथे ते छानच आहेत. हे कामगारांचं गाव आहे. १६२१ मध्ये राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने वसवलं, दलदलीची जमीन म्हणून डच लोकांना बोलावून कालवे खणून घेतले, त्यातले काही कालवे अजून आहेत. पण जमीन तीच राहिली, चिकणमाती. आणि त्या मातीचा आमच्या घराशी संबंध आहे, म्हणून एवढं लिहितेय.

मी चिंचवडची. बाबा एसकेएफ या बेरिंगच्या कंपनीत होते, ग्राइंडिंगला, अख्खी नोकरी तिथेच. लहानपणी आम्ही गोट्या नाही, बेरिंगचे छर्रे खेळायचो, हातात घेतले की थंडगार आणि जड, फरशीवरून घरंगळत थेट कपाटाखाली. ती एसकेएफ इथली, या गावातली. इथे गामलेस्ताडेन भागात एक कापडगिरणी होती, स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनियर तिथे होता. खालची माती खचायची, इमारत हलायची, मग यंत्रांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, वाकडे व्हायचे आणि बेरिंगं सारखी खराब व्हायची. वैतागून या माणसाने असं बेरिंग काढलं की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ते स्वतःच जुळवून घेतं. १९०७ ची गोष्ट. त्यातून एसकेएफ आणि एसकेएफच्या पैशातून व्होल्वो, पहिली गाडी १९२७ मध्ये नदीपलीकडच्या हिसिंगेनवरून बाहेर पडली. व्होल्वो म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी फिरतो’, नावच मुळात बेरिंगसाठी घेतलेलं!

दोन वर्षांपूर्वी बाबा आले तेव्हा त्यांना ट्रामने गामलेस्ताडेनला नेलं. विटांच्या त्या जुन्या इमारतींसमोर ते बराच वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, ‘सेल्फ-अलाइनिंग आम्ही पण करायचो गं.’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी फेरी. स्टेनपीरेनहून लिंडहोल्मेनला जाणारी बोट फुकट आहे, तिकीटच नाही, सायकल घेऊन चढा आणि पाच-सहा मिनिटांत पलीकडे. मला विचाराल तर शहर बघायला सुरुवात इथूनच करावी. पलीकडच्या काठावर एकेकाळी ओळीने जहाजांचे कारखाने होते, योतावेर्केन, लिंडहोल्मेन, एरिक्सबर्ग, जगातल्या मोठ्या यार्डांत त्यांची गणना व्हायची. मग जपानची स्पर्धा आली, १९७३ चं तेलसंकट आलं आणि एकेक करून सगळं बंद होत गेलं. आज तिथे कॉलेज, आयटी ऑफिसं, नदीकाठी फ्लॅट्स. पण एरिक्सबर्गची ती अवाढव्य केशरी क्रेन पाडली नाही, तशीच ठेवलीय, लांबून दिसते. हे मला फार फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांच्या नातवंडांना बोट दाखवायला काहीतरी उरलंय. बाबांनी त्या क्रेनकडे बघत विचारलं, ‘इथली माणसं कुठं गेली मग?’ मला नीट उत्तर देता आलं नाही. आम्ही त्या दिवशी तीनदा फेरी मारली.

बंदर मात्र जोरात चालू आहे हं, स्कँडिनेव्हियातलं सगळ्यात मोठं, फक्त नदीच्या मुखाकडे सरकलंय. त्याच मुखाशी १७४५ मध्ये स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज चीनहून चहा, रेशीम, चिनीमाती भरून परत येताना खडकावर आदळून बुडालं, घर अगदी समोर दिसत असताना. कंपनीची जुनी इमारत आता शहराचं म्युझियम आहे, तिथे वेळ काढून जाच.

बाकी हागा या जुन्या वस्तीत तोंडाएवढा दालचिनी बन मिळतो, लिसेबर्ग हे अम्युझमेंट पार्क पोरांना आवडेलच, ते वेगळं सांगायला नको. हागातल्या घरांकडेही बघा, तळमजला दगड-विटांचा आणि वरचे दोन मजले लाकडी, कामगारांसाठी बांधलेली. पाऊस भरपूर पडतो, जॅकेट आणा, छत्री वाऱ्याने उलटते. आणि एक दिवस ११ नंबरची ट्राम पकडून साल्टहोल्मेनला जा, त्याच तिकिटावर पुढे बोटीने बेटांवर जाता येतं, तिथे गाड्या नाहीत, नुसते खडक आणि समुद्र. बाबांनी तिथला एक गोल गुळगुळीत दगड खिशात घालून चिंचवडला नेलाय, आता टीव्हीशेजारी छर्ऱ्यांच्या डबीत ठेवलाय.