पाठीवर एकही जखम नव्हती

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन झाला, जामिनाची अट म्हणून घातलेल्या 300 शब्दांच्या निबंधावरून देशभर संताप उसळला. अल्पवयीन मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं बघणारं बाल न्याय मंडळ नावाचं काही असतं हे अनेकांना तेव्हाच कळलं. राग रास्त होता, दोन तरुण जीव गेले होते. पण तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो, "न्यायाच्या कामात समाजसेवक कशाला हवेत?" म्हणून हे लिहितेय.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री हवीच. निर्णय बहुमतानं होतो. म्हणजे या दोघांना शोभेला बसवलेलं नाही. आणि मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल यावा लागतो. मुलगा कुठे राहतो, घरात कोण, शाळा का सुटली, हे सगळं त्यात. माझ्या मते अख्खी व्यवस्था या कागदावर उभी आहे.

एक मुलगा होता, 15 वर्षांचा. (ओळख उघड करणं गुन्हा आहे, म्हणून तपशील बदललेत.) मित्रांबरोबर उभ्या रिक्षांच्या बॅटऱ्या चोरल्या होत्या आणि तसं कबूलही केलं होतं. ज्यांच्या बॅटऱ्या गेल्या त्यांचा धंदा बुडाला, हे मी विसरत नाही. अहवालात शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, 'अभ्यासात रस नाही'. पुढे, 'कुटुंबाचे दुर्लक्ष'. हीच दोन वाक्यं त्या आठवड्यातल्या आणखी तीन अहवालांत होती.

मी घरी गेले. पत्र्याची खोली. वडील बांधकामाच्या परांचीवरून पडून दीड वर्ष अंथरुणात, कमरेखाली काही हलत नाही. आई पहाटे पोळ्या लाटायला जाते ती दुपारी येते. पडून पडून पाठीला जखमा होतात, म्हणून मी वडिलांची पाठ पाहिली. दीड वर्ष पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एकही जखम नव्हती! कोण बघतं यांचं, विचारलं. आई म्हणाली, "तोच की. दर दोन तासांनी कुशीवर वळवतो. सिव्हिलच्या सिस्टरनं शिकवलं त्याला. तो आत गेल्यापासून मला जमेना झालंय."

म्हणून सुटली होती शाळा.

अहवाल लिहिणाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. हे अहवाल लिहिणाऱ्या एकेका परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) डोक्यावर किती प्रकरणं असतात ते मी जवळून पाहिलंय. पण खुर्चीत बसून भरलेला फॉर्म मुलाचं आयुष्य फिरवतो, हे मला सहन होत नाही. माझी मागणी साधी आहे. गृहभेटीशिवायचा अहवाल मंडळानं स्वीकारूच नये, आणि मंडळावरच्या दोन सामाजिक सदस्यांनी प्रत्येक वेळी विचारावं, "याच्या घरी कोण जाऊन आलं?" न्यायदंडाधिकाऱ्यांना कायदा उत्तम येतो. वस्तीतली गल्ली, दुपारी घरात कोण असतं, कुणाला काय विचारायचं, हे सामाजिक कार्यकर्त्यालाच कळायला हवं. तेवढ्यासाठीच तर कायद्यानं त्यांना तिथे बसवलंय.

त्या गृहभेटीनंतर दुसरा अहवाल गेला. मंडळानं त्या मुलाला परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, आईच्या ताब्यात दिलं. वडिलांसाठी दुपारी शेजारच्या मावशी येऊ लागल्या, वडिलांना वळवायचं कसं ते मावशींना त्यानंच शिकवलं.

परवा त्याचा फोन आला. "ताई, दहावीचा सतरा नंबर फॉर्म भरायचाय. काय काय लागतं?"

शाळेत न जाता परीक्षेला बसायचा हा फॉर्म. शाळा सोडल्याचा दाखला लागेल, म्हटलं. सोमवारी शाळेत जाणार आहोत दोघं.