ताई, हे उडतं का?

शाळेतल्या मुलांनी स्वतःच्या हातांनी करायचे इंजिनिअरिंगचे प्रकल्प मी तयार करते, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "वा! म्हणजे दिवसभर मजाच की." त्याच्या डोळ्यांपुढे मी जमिनीवर मांडी घालून चाकं फिरवत बसलेली असते. प्रत्यक्षात मी चाळीस मिनिटांच्या तासात पुरा होणारं, न पेटणारं, न कापणारं, पुस्तकातल्या कुठल्यातरी धड्याशी सोयरीक सांगणारं आणि तरीही मुलांना आवडेल असं काहीतरी शोधत असते. विज्ञानाच्या शिक्षकांना त्यात तत्त्व हवं असतं, मुख्याध्यापकांना शांतता हवी असते, पालकांना घरी मांडून ठेवता येईल अशी वस्तू. मुलांची मागणी त्या मानाने साधी. खोक्याचं झाकण उघडायच्या आत कुणीतरी विचारतं, "ताई, हे उडतं का?"

बहुतेकदा ते उडत नाही, कारण तो पूल असतो.

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल हा आमच्या धंद्याचा श्रीगणेशा. हेतू उदात्त आहे. चार काड्यांची चौकट बाजूने ढकलली की कलते, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. सांधे सैल असले तरी बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याला आकार बदलताच येत नाही. हे मुलांनी आपणहून शोधावं अशी योजना. त्यांनी आपणहून शोधलं ते हे, की भरपूर गोंद ओतला की काहीही मजबूत होतं. त्रिकोण लागत नाही, काड्यासुद्धा फारशा लागत नाहीत. म्हणून नियम आला: पुलाने जितकं वजन पेललं त्याला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचं. गोंदवाले गप्प बसले. पुढच्या वर्गातल्या एका मुलीने दोन बाकं जवळजवळ चिकटवली, फटीवर एकच काडी आडवी टाकली आणि भागाकारात सगळ्यांना हरवलं. गणित अचूक होतं. मग नियम आला: बाकांमधलं अंतर ३० सेंटीमीटर. काडी असते साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास, तेव्हा आता जोड देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यावर एकाने वजन बाकाच्या अगदी कडेला टांगलं. तिथे सगळा भार बाकच उचलतं आणि पूल नुसता बघत बसतो. नियम आला: वजन मधोमध. लगेच हात वर, "मधोमध म्हणजे लांबीच्या की रुंदीच्या?" आज त्या प्रकल्पाचं नियमपत्रक पुलापेक्षा लांब झालं आहे, आणि यातली निम्मी मुलं इंजिनिअर न होता वकील होणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. (एका काडीची ती मुलगी मात्र इंजिनिअरच होणार. वर्गात प्रश्न नीट वाचलेली ती एकटीच होती.)

त्यात गोंद हा स्वतंत्र छळ. पांढरा गोंद नीट पकडायला रात्र घेतो आणि तास चाळीस मिनिटांचा. ग्लू गन क्षणात पकडते, पण मोठ्या गनमधला गोंद दोनशे अंशांच्या जवळपास तापलेला असतो, आणि 'कमी तापमानाची' म्हणून मिळते तीही बोट भाजायला पुरेशी समर्थ असते. राहता राहिली चिकटपट्टी. चिकटपट्टीने जोडलेल्या पुलाकडे बघून त्याच्यावरून चालावंसं वाटत नाही, त्याला दवाखान्यात न्यावंसं वाटतं.

विजेचे प्रकल्प त्या मानाने झटपट आटोपतात. कधीकधी फारच झटपट. पेन्सिल सेलचे दीड-दीड व्होल्ट जोडून खेळण्यातली मोटर झकास फिरते. पण नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तिप्पट चांगली असणार, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, मोटरने जोरात धारा मागितली की तिचे नऊ व्होल्ट कुठल्याकुठे घसरतात, हे मी फळ्यावर लिहीपर्यंत मागच्या बाकावर त्याच बॅटरीला थेट एलईडी लागलेला असतो. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात. उरलेल्या सातांची वाट लावण्यासाठी पाकिटात ३३० ओहमचा रेझिस्टर दिलेला असतो. तास संपल्यावर तो रेझिस्टर मुलं प्रामाणिकपणे परत आणून देतात. "ताई, हा एक भाग जास्तीचा आला होता."

सिरिंजच्या हायड्रॉलिक हाताबद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण तो विषय काढला की अजून माझी ओढणी ओली होते. लहान सिरिंज दाबली की नळीतलं पाणी मोठ्या सिरिंजचा दट्ट्या सरकवतं. अंतर घटतं, जोर वाढतो, पास्कलचा नियम सिद्ध होतो. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण हवा दबते आणि हात आळशासारखा पडून राहतो. बुडबुडा काढायला नळी एका टोकाने सोडवावी लागते. चाळीस मुलांच्या हाती पाण्याने भरलेल्या सिरिंज आणि त्या सोडवायला शास्त्रीय कारण! पुढे पास्कलचं काय झालं ते कुणीच विचारू नये.

बरं, हे सगळं टाळण्यासाठी मी कृतिपत्रक लिहिते. पायऱ्या, आकृत्या, बाण. मुलं शेवटचं चित्र बघतात आणि तिथून उलट्या दिशेने निघतात. 'आधी चाकं बसवू नका' हे वाक्य ठळक अक्षरांत छापलं होतं, तर चाकांबद्दल काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय एवढं कळून सगळ्यांनी आधी चाकंच बसवली. पत्रक शब्दन् शब्द वाचणारी जमात एकच: पालक. प्रदर्शनाच्या दिवशी एखादे बाबा 'जरा मदत करतो' म्हणून खाली बसतात आणि मग मुलगा दोन तास चिकटपट्टी धरून उभा असतो. मध्येच त्याने सुचवलं, "बाबा, उलटं लावलंय," तर उत्तर येतं, "तू मध्ये बोलू नकोस, मला शिकू दे."

शेवटी पूल मोडण्याचा दिवस येतो. मोडेपर्यंत वजन टांगत जायचं. मोठी मुलं टाळ्या वाजवतात, लहानांपैकी कुणाच्यातरी डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळेसाठी मी टकोमा नॅरोज राखून ठेवला आहे. अमेरिकेतला हा झुलता पूल १९४० च्या जुलैत सुरू झाला आणि नोव्हेंबरात वाऱ्याने हेलकावे खात, पीळ पडून खाली गेला. खऱ्या इंजिनिअरांनी बांधलेला, खऱ्या पोलादाचा पूल! तेव्हापासून लांब झुलता पूल बांधायच्या आधी त्याचं छोटं रूप वाऱ्याच्या बोगद्यात धरून तपासू लागले, असंही मी सांगते. चौथीतल्या एका मुलाने बाहीला नाक पुसत हे सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यांनी परत बांधला?"

"बांधला ना. १९५० साली नवा पूल उघडला."

त्याने बोटांवर हिशेब केला आणि एकदम त्याचा चेहरा खुलला.

"दहा वर्षं! म्हणजे ताई, त्यांचाही गोंद वाळत नव्हता?"