खुर्चीवरच्यालाही मालक आहे
तुमच्या लेखात बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय घेऊन ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’ एवढ्यावरच थांबलात, ते पटलं नाही. त्याच अध्यायात, चौथ्या वचनात, राज्यकर्त्याला देवाचा सेवक म्हटलंय. सेवक म्हटल्यावर त्यालाही जाब द्यावाच लागणार ना!

इथे नाशिकला, शरणपूरच्या घरात आजी आम्हाला बायबलमधल्याच दानीएलाच्या पुस्तकाचा 4 था अध्याय वाचून दाखवायची. राजवाड्याच्या गच्चीवरून राजा नबुखद्नेस्सर म्हणतो, ही थोर बाबेल नगरी मी बांधली. शब्द तोंडात असतानाच राज्य जातं. बैलासारखं गवत खातो, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात. आजी तिथे थांबून चष्मा पदराने पुसायची, मगच पुढचं वाचायची. त्याने डोळे वर आकाशाकडे केले, तेव्हा कुठे बुद्धी परत आली. रविवारी उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा मी त्यांच्यासाठी हीच वर वळलेली नजर मागतो.