जोनासचे बाबा

लोइस लोरी यांची 'द गिव्हर' ही १९९३ची कादंबरी अमेरिकेत अनेक शाळांमध्ये अभ्यासाला असते. मुलीला ती वर्गात नेमली होती, म्हणून मीही वाचली. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही.

त्या समाजात युद्ध नाही, भूक नाही, रंगसुद्धा दिसत नाहीत. जुन्या आठवणी सगळ्यांच्या वतीने एकच माणूस सांभाळतो. त्याच्यानंतर हे काम करायला बारा वर्षांच्या जोनासची निवड होते. जोनासचे बाबा तान्ह्या बाळांची देखभाल करतात, स्वभावाने अगदी मायाळू. एकदा जुळी मुलं जन्मतात आणि नियमाप्रमाणे एकच ठेवायचं असतं. बाबा दोघांचं वजन करतात. कमी भरलेल्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, ते निपचित झालं की खोक्यात ठेवून खोकं खाली ढकलून देतात आणि हात हलवून लाडाने टाटा करतात! हा मृत्यू आहे हे जोनासला कळतं, कारण रणांगणावर मरणाऱ्या मुलाची आठवण त्याला दिली गेलेली असते. बाबांकडे तसं काहीच नसतं.

जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' या कादंबरीत भूतकाळ पुसणारे छळही करतात, त्यामुळे दुष्ट कोण ते लगेच कळतं. 'द गिव्हर'मध्ये कुणीच दुष्ट नाही. म्हणून मला ही कादंबरी जास्त भयंकर वाटते.

बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून गुजरात दंगलीचा भाग गाळल्यावर भारतात बराच वाद झाला. जून २०२४मध्ये ही पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटी या संस्थेचे संचालक दिनेश प्रसाद सकलानी यांनी विचारलं, की शाळेत दंगली कशाला शिकवायच्या? हिंसक, निराश नव्हे, सकारात्मक नागरिक घडवायचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलं. "पोरांच्या मनात विष कशाला कालवायचं?" असं ते म्हणतात, आणि ते काळजीपोटीच म्हणतात. मला भीती वाटते ती याच काळजीची.

अर्थात इथे अमेरिकेत बसून भारताला शहाणपण शिकवावं अशी इथली परिस्थिती नाही. फ्लोरिडाने २०२२मध्ये कायदा केला: आपल्या वंशाच्या लोकांनी पूर्वी जे केलं त्याबद्दल विद्यार्थ्याला अपराधी वाटायलाच हवं, असं शिकवायला मनाई. ऐकायला वावगं काहीच नाही. पण गुलामगिरीचा धडा ऐकून एखादं मूल अस्वस्थ झालं तर दोष आपल्यावर येईल, या धास्तीने शिक्षक तो धडाच आवरता घेऊ शकतो. खुद्द 'द गिव्हर'सुद्धा १९९०च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत होती.

वय बघायलाच हवं, यात वाद नाही. पहिलीतल्या मुलाला कुणी दंगल शिकवा म्हणत नाही. पण बारावीचं पोर लवकरच मत देणार असतं. अफवा कोण पसरवतं, जमाव कसा जमतो, पोलीस कुठे असतात, हे त्याला वर्गात, प्रश्न विचारत कळायला हवं. पुस्तकातून दंगल गाळली तरी त्याच्या फोनवर ती आहेच, कुणीतरी हवी तशी कापलेली, आणि तिथे त्याच्या रागाशी बोलायला शिक्षक नाही.